दोन आज्ञांमधील चाळीस वर्षे : एका डीबगरी नियमाची गोष्ट

१/ ८ मे २०१८. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, फ्रीबीएसडी, झेन आणि लिनक्सची अनेक वितरणे यांनी एकाच दोषाची माहिती व दुरुस्ती जाहीर केली. या प्रणाली वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळी लिहिलेल्या. घसरण मात्र सर्वांची एकाच ठिकाणी झाली होती. प्रोसेसर नादुरुस्त नव्हता. तो १९७८ साली ठरलेला नियम इमानेइतबारे पाळत होता.

२/ डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला मध्येच थांबवून त्याची तपासणी करू देणारा प्रोग्राम. थांबवण्याची ही शक्ती त्याची स्वतःची नसते. ती प्रोसेसरकडून उसनी घेतलेली असते. इंटेलच्या ८०८६ने अशा दोन सोयी दिल्या होत्या. ‘ट्रॅप फ्लॅग’ चालू केला की प्रत्येक आज्ञेनंतर काम थांबून नियंत्रण डीबगरकडे येई. दुसरी सोय ‘इंट ३’ या अवघ्या एका बाइटच्या आज्ञेची. जिथे थांबायचे तिथला मूळ बाइट बाजूला ठेवून डीबगर त्या जागी ही आज्ञा लिहितो.

३/ सोय उसनी म्हटली की देणाऱ्याच्या रीतीभातीही आल्या. ‘इंट ३’वर थांबलेला ८०८६ आपला पत्ता एक बाइट पुढचा सांगतो, म्हणून डीबगरला त्यातून एक वजा करावा लागतो. मोटोरोला ६८०००वर हीच वजाबाकी दोनाची, तर स्पार्कवर शून्य. हिशेब चुकला तर प्रोग्राम पुन्हा सुरू होतो तो भलत्याच बाइटपासून, आणि जो दोष शोधायचा त्यात डीबगरच नवी भर घालतो.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये लिहिलेल्या जीडीबीत असे फरक प्रत्येक यंत्रासाठी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवले जात. ‘थांबल्यावर पत्त्यातून किती वजा करावे’ एवढ्यासाठीही एक स्वतंत्र व्याख्या होती! स्पार्कमध्ये तर एकेक आज्ञा चालवण्याची सोयच नव्हती. पुढची आज्ञा कोणती असेल याचे गणित जीडीबी स्वतः करी आणि तिथे तात्पुरता थांबा पेरी.

४/ आता मूळ नियमाकडे. परत कुठे जायचे तो पत्ता प्रोसेसर ‘स्टॅक’ नावाच्या जागेत ठेवतो. ८०८६मध्ये ही जागा एसएस आणि एसपी या दोन रजिस्टरांनी मिळून ठरे. स्टॅक हलवायचा तर दोन आज्ञा लागत : आधी एसएस बदला, मग एसपी. या दोहोंच्या मध्ये कीबोर्डचा किंवा घड्याळाचा इंटरप्ट आला तर? एसएस नवे, एसपी जुने. परतीचा पत्ता भलत्याच ठिकाणी लिहिला जाणार आणि तिथे जे काही असेल ते पुसले जाणार.

म्हणून नियम असा : एसएस बदलणाऱ्या आज्ञेनंतर पुढची एक आज्ञा पूर्ण होईपर्यंत इंटरप्ट स्वीकारायचा नाही. गंमत अशी की सुरुवातीच्या चिपमध्ये हा नियम नीट उतरलाच नव्हता. आयबीएम पीसीत बसवलेल्या ८०८८च्या आरंभीच्या चिपही सदोष होत्या. इंटेलने पुढे सुधारित चिप काढल्या.

५/ आणि इथेच डीबगरची अडचण झाली, कारण त्याचा ट्रॅपही इंटरप्टच्याच वाटेने येतो. एकेक आज्ञा चालवत निघालेल्या माणसाला एसएस बदलणारी आज्ञा दिसे आणि त्यापुढची एक आज्ञा न दिसताच उरकलेली असे. ती वगळली गेलेली नसे. फक्त तिच्याआधी थांबता येत नसे.

आपला प्रोग्राम कोणी उलगडू नये असे वाटणाऱ्यांनी या आंधळ्या जागेचा उपयोग करून घेतला. तिथे ते सर्व फ्लॅग स्टॅकवर उतरवण्याची आज्ञा ठेवत. एरवी डीबगर अशा वेळी ट्रॅप फ्लॅगची खूण लपवू शकतो. इथे त्याला मध्ये पडायला संधीच नसे. खूण सापडली की प्रोग्रामला कळे, आपल्यावर पाळत आहे.

६/ १९८५मध्ये ८०३८६ आला. त्यात एसएस आणि स्टॅकचा पत्ता एकाच आज्ञेत बदलण्याची सोय झाली, म्हणजे जुन्या नियमाची गरज जवळजवळ संपली. पण जुने प्रोग्राम चालत राहायला हवे होते, म्हणून नियम राहिला. त्याच चिपने डीबगरला नवी देणगी दिली : चार पत्ते नोंदवण्याची रजिस्टरे. त्या पत्त्यावरची माहिती कोणी वाचली वा बदलली की ती आज्ञा संपताच प्रोसेसर सूचना देतो.

मात्र ते वाचन एसएस भरणाऱ्या आज्ञेनेच केले, तर सूचना आणखी एक आज्ञा थांबून राहते.

७/ निक पीटरसन आणि नेमान्या मुलास्माइच यांनी नेमका पुढचा प्रश्न विचारला. ती ‘आणखी एक आज्ञा’ प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये शिरणारी असेल तर? मग अडलेली सूचना उगवते ती कर्नलच्या अगदी पहिल्या आज्ञेच्या तोंडाशी. सूचना कर्नलमधूनच आली असे दिसते, म्हणून कर्नल समजतो की प्रवेशाची सारी व्यवस्था आधीच लागलेली आहे. वस्तुतः ती लागलेली नसते. जीएस रजिस्टरमध्ये अजून सामान्य प्रोग्रामने ठेवलेला पत्ता असतो.

घराच्या उंबरठ्यावरच्या पाहुण्याला घरचा माणूस समजण्यासारखा हा प्रकार. विंडोजवर यातून सामान्य प्रोग्रामला कर्नलचे अधिकार मिळवता येत. लिनक्सवर यंत्र कोसळवता येई.

पत्ते नोंदवणारी ती रजिस्टरे सामान्य प्रोग्रामला थेट हाताळता येत नाहीत. पण डीबगर चालावेत म्हणून प्रणालीनेच त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकृत मार्ग ठेवलेला असतो. लिनक्सवर त्याचे नाव ‘पीट्रेस’. हल्ला त्याच मार्गाने होत होता.

८/ नियम इंटेलच्या पुस्तिकेत होता. त्याचा हा परिणाम मात्र स्पष्ट शब्दांत मांडलेला नव्हता. एकट्या वाचणाऱ्याला दोष देणे कठीणच, कारण इतक्या जणांनी तो एकाच चुकीच्या रीतीने वाचला.

दुरुस्ती कर्नलांमध्ये झाली. लिनक्समध्ये ‘इंट ३’साठी राखून ठेवलेला वेगळा स्टॅक काढून टाकण्यात आला. प्रोसेसरच्या वागण्याला कोणी हात लावला नाही. एसएस बदलल्यावर तो अजूनही एक आज्ञा गप्प राहतो.