एकाच तारखेचा पाऊस

जोडे इथेच काढून ठेवा. तासाभरात गर्दी ते पायांतून ओढून नेणारच आहे. छत्री हवी तर घ्या, पण ती उघडायला जागा मिळेल असं समजू नका. 1920 सालचा 1 ऑगस्ट. रविवार, आषाढ वद्य. तुम्ही मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपाशी उतरलात आणि उतरल्या उतरल्या कुणाचा तरी ओलाचिंब कोट तुमच्या पाठीला चिकटला.

आधी वास येतो. भिजलेल्या लोकरीचा, घोड्याच्या लिदीचा, मार्केटच्या कडेला कुजत पडलेल्या पानांचा, आणि मधूनच डोक्यावरून पुढे सरकवल्या जाणाऱ्या तुळशीच्या हारांचा. ट्रामचा रूळ तळव्याला गार लागतो, म्हणून कळतं की आपण रस्त्याच्या मधोमध आहोत. रस्ता असा दिसतच नाही. पागोटी, फेटे, काळ्या टोप्या, बोडकी डोकी, आणि सगळ्या माना वर, सरदारगृहाच्या सज्जाकडे.

मध्यरात्र उलटल्यावर, पाऊण वाजायच्या सुमाराला, तिथेच टिळक गेले. रेडिओ नाही, घरोघरी फोन नाही. बातमी जिन्याजिन्यातून उतरली, चाळीच्या नळावर हंड्यांच्या रांगेत पोचली, तिथून दूधवाल्याबरोबर पुढच्या गल्लीत गेली. सकाळच्या शेगड्या पेटल्या तशाच विझल्या. आत्ता तुम्हाला ढकलत असलेली ही माणसं बहुतेक उपाशीपोटी आली आहेत. बोलताना त्यांच्या तोंडाला येणाऱ्या वासावरून ते कळतं.

सज्जात टिळकांना बसवलंय. हो, बसवलंय, पद्मासनात, म्हणजे खालच्या शेवटच्या माणसालाही दर्शन व्हावं. तुम्हाला नीट दिसत नाही. पावसाचं पाणी पापण्यांवरून गळतं, समोरच्याचा फेटा मध्ये येतो. टाचा उंचावल्यात, तर तेवढ्यात पाय ठेवायची जागा दुसऱ्याने घेतली. आता काही वेळ तुम्ही शेजाऱ्यांच्या खांद्यांवरच उभे आहात म्हणा ना.

त्या शेजाऱ्याकडे जरा बघा. परळकडून पायी आलेला गिरणी कामगार आहे. त्याच्या भुवयांत आणि कानामागे कापसाचे तंतू अडकलेत. पावसाने ते धुऊन गेले नाहीत, भिजून कातडीला चिकटून बसलेत. 1908 साली टिळकांना 6 वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस धरून 6 दिवस संप केला होता. हा तेव्हा पोर असेल. आज तो रडत नाही, घोषणाही देत नाही. वरून येणारा हार पुढे देतो आणि पुन्हा वर बघतो. मला या गर्दीतली मोठी नावं फारशी खुणावत नाहीत. गांधीजी आहेत, तिरडीला खांदा देतील, ते इतिहासात तुम्ही वाचलंच आहे. तुम्ही याच्याजवळ उभे राहा.

दुपारी सगळं हललं. आपण चालत नाही, नेले जातो. माडीमाडीवरून बायका फुलं टाकतात, ती पावसाच्या माऱ्याने सरळ खाली येतात आणि पायांखाली त्यांचा चिखल होतो. कुणाची धोतराची कास सुटलीय, कुणाचं पोर हरवलंय, त्याला कुणी अनोळखी माणसाने खांद्यावर घेतलंय. "लोकमान्य टिळक महाराज की" अशी हाक मागून येते आणि "जय" पुढे कुठेतरी गिरगावाकडे फुटतो. 2 लाख माणसं होती असं पुढे सांगतील. आतून मोजता येत नाही. तुमच्यापुरता हा जमाव म्हणजे सात-आठ पाठी आणि चार कोपरं.

चौपाटीवर वाळू लागते तेव्हा पायांना पहिल्यांदा सुटं वाटतं. नेहमी सोनापूरला नेतात, आज सरकारी परवानगी काढून इथे समुद्रावर चिता रचलीय. चंदनाचं लाकूड. पावसात ते आधी धुमसतं. देवघरात सहाणेवर उगाळलेल्या गंधाचा गोड वास आयुष्यभर ओळखीचा, पण हा त्याहून जड आहे, घशात बसतो, कपड्यांना धरून राहतो. डोळे चुरचुरतात ते धुराने की कशाने, हे आज कुणी कुणाला विचारत नाही.

पण तुम्हाला इथवर आणलं ते एवढ्यासाठी नाही. हाच दिवस अजून शिल्लक आहे. धुराचे कपडे अंगावर तसेच असू द्या, आणि चला वाटेगावला.

सातारा जिल्हा (सांगली जिल्हा व्हायला अजून अवकाश आहे), वाळवा तालुका. इथली रिपरिप मुंबईसारखी आदळत नाही. नुकताच बेंदूर झालाय, बैलांच्या शिंगांवरचा हुरमुंज अजून पुरता उतरलेला नाही. पंढरीहून परतणारे वारकरी वाटेवर आहेत. आणि कान किती रिकामे झाले बघा! बेडूक, पागोळ्या, लांब कुणाच्या तरी जात्याची घरघर.

गावाच्या कडेला, मांगवाड्यात, एका घराच्या दाराला लिंबाचा डहाळा लावलाय. आतून ओव्याची धुरी येते, शेण्यांचा धूर येतो. वालुबाई साठ्यांना मुलगा झालाय. नाव तुकाराम ठेवतील, हाक अण्णा अशी मारतील. शाळा त्याला दीड दिवसच मिळेल. मग हे पोर बापाबरोबर पायी मुंबई गाठेल, गिरणीत राबेल, कापसाचे तंतू त्याच्याही भुवयांत अडकतील, आणि तो 'फकिरा' ही कादंबरी लिहील. हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. इथे कुणाला सांगू नका. बाळंतिणीला आत्ता गरम पाणी हवंय.

पडवीत एक म्हातारा केकताडाच्या वाखाचा कासरा वळतोय. बेंदराआधी गावभर नवे कासरे, नवी दावी देऊन झाली, तरी काम संपत नाही. ओल्या वाखाचा आंबूस हिरवा वास त्याच्या हातांना कायमचा लागलाय. तुम्हाला बघून तो उठून उभा राहतो, मागे सरतो. गावातलं कुणी असं वाड्यात येऊन टेकत नाही, त्यामुळे वाट चुकलेला माणूस असाल असं त्याला वाटतं. पाणी मागाल तर तो गोंधळेल. तुम्ही मागाच, आणि त्याच्याच तांब्याने प्या. मातीची, लोखंडाची चव आहे.

तो बराच वेळ तुमच्याकडे बघतो. अंगाला कसला वास येतोय म्हणून विचारतो. चंदनाचा, असं सांगितलंत तरी मुंबईची बातमी त्याला अजून कळलेली नाही. आत पोर रडायला लागतं, चांगलं खणखणीत. म्हातारा हसतो, पुन्हा बसतो आणि कासऱ्याचं मोकळं टोक तुमच्याकडे सरकवतो.

"पावणं, निस्तं बसून काय करतासा? धरा की ह्ये. पीळ ढिला सोडू नगासा."