पीसीबीचा आराखडा: चिकटफितीपासून संगणकापर्यंत

छापील सर्किट (पीसीबी) व्यवहारात आणण्याचे श्रेय मुख्यतः पॉल आयस्लर या ऑस्ट्रियन अभियंत्याला जाते. १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने असे सर्किट वापरून रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये हे तंत्र वापरले आणि युद्धानंतर ते कारखान्यांत पसरले. भागांना जोडणारे तांब्याचे ट्रॅक कुठून कसे न्यायचे हे ठरवणे, हे त्यातून एक स्वतंत्र कसब बनले.

हे कसब प्रकाशमेजावर शिकले जाई. पारदर्शक फिल्मवर पॅडसाठी, म्हणजे भाग जोडण्याच्या जागांसाठी, गोल चकत्या आणि ट्रॅकसाठी चिकटफिती लावत. आराखडा मूळ मापाच्या दुप्पट किंवा चौपट असे. कॅमेऱ्याने तो लहान केला, की हाताची चूकही त्याच प्रमाणात लहान होई. दोन्ही बाजूंना ट्रॅक असलेल्या बोर्डासाठी एकाच फिल्मवर लाल आणि निळ्या फिती लावत व रंगीत फिल्टरने दोन्ही बाजू वेगळ्या काढत. एक भाग सरकवायचा, तर भोवतालच्या फिती उचकटाव्या लागत. त्यामुळे फितीला हात लावण्याआधी मांडणी नीट ठरवण्याची सवय लागे.

१९६१ साली बेल प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी चौकटींच्या जाळ्यातून दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची गणनपद्धत मांडली. स्वयंचलित रूटिंगचा, म्हणजे ट्रॅक आखण्याचा, पाया तिने घातला. मात्र ती एका वेळी एकच ट्रॅक आखते. आधीचा ट्रॅक पुढच्याची वाट अडवू शकतो. त्याच दशकात गर्बर कंपनीचे फोटोप्लॉटर प्रकाशाने थेट फिल्मवर रेषा उमटवू लागले.

संगणकावर आराखडा काढण्याची सॉफ्टवेअर साधने सामान्य टेबलावर आली ती पर्सनल कॉम्प्युटरमुळे. १९८५ साली टास्मानियात प्रोटेल, १९८८ साली जर्मनीत ईगल आणि १९९२ साली फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारास यांचे कायकॅड सुरू झाले. मुक्त स्रोताच्या कायकॅडमुळे विद्यार्थ्यांना पूर्ण क्षमतेचे साधन विनामूल्य मिळाले; पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्याच्या विकासाला हातभार लावला.

शिकण्याचा क्रम आता स्किमॅटिक (सर्किटची आकृती), फुटप्रिंट (भागाच्या पॅडचा आकार), मांडणी, रूटिंग, नियमतपासणी आणि शेवटी कारखान्याला द्यायच्या गर्बर फायली असा असतो. दोन ट्रॅकमधले अंतर कमी पडले, तर सॉफ्टवेअर लगेच दाखवते. पण आयसीच्या वीजपुरवठ्याच्या पिनेजवळ हवा असलेला कपॅसिटर लांब बसला, तर नेहमीची नियमतपासणी तो बोर्ड निर्दोष ठरवते. फिती कापण्याचे श्रम संगणकाने घेतले. मांडणीचा विवेक मात्र शिकणाऱ्यालाच कमवावा लागतो.