सांगाडा तोच, अंगरखा नवा

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. एखादी जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायची, तिची बॉडी उतरवायची आणि तिच्यावर एखाद्या नामांकित शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी नवी बॉडी चढवायची. हे योग्य की अयोग्य? वरवर पाहता हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या पोटात हवेचे भौतिकशास्त्र आहे आणि इतिहासातील पुराव्याचा प्रश्नही आहे. म्हणून इटलीतील फेरारी कारखान्याच्या १९६० च्या दशकातील गाड्यांच्या आधारे आपण तो तपासून पाहू.

आधी रचना समजून घेऊ. त्या काळच्या फेरारीत पोलादी नळ्यांचा सांगाडा वेगळा आणि त्यावरची पत्र्याची बॉडी वेगळी असे. आपल्या महामार्गांवर एके काळी ट्रकचे उघडे सांगाडे चालवत नेताना दिसत, त्यांची बॉडी पुढे दुसरीकडे बांधली जाई. तसाच काहीसा हा प्रकार. मोदेना गावातील स्काल्येत्ती यांच्या कार्यशाळेत कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून बॉडी घडवीत. त्यामुळे सांगाडा तोच ठेवून अंगरखा बदलणे तुलनेने सोपे होते.

१९६१ साली फेरारीची '२५० जीटी' ही गाडी शर्यती जिंकत होती. (२५० म्हणजे एका सिलिंडरचे सुमारे २५० घनसेंटिमीटर आकारमान, असे १२ सिलिंडर, म्हणजे ३ लिटरचे इंजिन.) मात्र तिचे नाक बोथट होते. वेग वाढवायचा तर दोनच वाटा होत्या : इंजिनाची शक्ती वाढवणे किंवा हवेचा रोध कमी करणे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. २४० अश्वशक्तीचे इंजिन ३०० अश्वशक्तीचे केले, म्हणजे शक्ती सव्वापट झाली, तरी कमाल वेग जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. तेवढाच लाभ इंजिनाला हात न लावता रोध २० टक्क्यांनी घटवूनही होतो. पत्र्याला आकार देणाऱ्या कारागिराची किंमत येथे कळते.

जोत्तो बिझ्झारिनी या अभियंत्याने हे काम हाती घेतले. नाक खाली आणले, इंजिन मागे व खाली बसवले. पण १९६१ च्या अखेरीस मालक एन्झो फेरारी यांच्याशी बिनसल्याने तो आणि त्याचे काही सहकारी कारखान्यातून बाहेर पडले. उरलेले काम माउरो फोर्गिएरी या तरुण अभियंत्याने पुरे केले आणि १९६२ मध्ये '२५० जीटीओ' जन्माला आली. खरी गंमत पुढेच आहे. त्या गटात शर्यतीला उतरायचे तर वर्षभरात एका नमुन्याच्या १०० गाड्या बनवण्याचा नियम होता. जीटीओ दोन-अडीच वर्षांत मिळून ३६ बनल्या. फेरारीचा युक्तिवाद असा की ही नवी गाडी नव्हेच, जुन्या २५० जीटीची फक्त बॉडी बदलली आहे! तो मान्य झाला. म्हणजे आज जिची नक्कल केली जाते ती गाडी कागदोपत्री स्वतःच एक बदललेला अंगरखा होती.

बाहेर पडलेल्या मंडळींना जोव्हान्नी वोल्पी या व्हेनिसच्या तरुण सरदाराने पैसा पुरवला होता. त्याचा राग धरून फेरारी यांनी त्याला जीटीओ विकायला नकार दिला. वोल्पीकडे एक जुनी २५० जीटी होती. तिच्यावरच बिझ्झारिनीने आपल्या मनातली बॉडी मोदेनातील पिएरो ड्रोगो यांच्या कार्यशाळेत करवून घेतली. छत जवळजवळ सरळ मागेपर्यंत नेले आणि शेवटी एकदम उभे कापून टाकले. लोकांनी तिला पाववाल्याची गाडी म्हणून हिणवले.

ही कापलेली शेपटी मात्र शास्त्राला धरून होती. वाहत्या हवेला सर्वांत कमी अडथळा थेंबाच्या आकाराचा होतो, पण थेंबाची शेपटी फार लांब असते. ती घाईने निमुळती केली तर हवेचा प्रवाह पृष्ठभाग सोडून देतो आणि मागे भोवरे तयार होतात. जळत्या मेणबत्तीपुढे एक सपाट पुठ्ठा धरून फुंकर मारा. ज्योत पुठ्ठ्याकडे झुकेल. पुठ्ठ्याऐवजी गोल बाटली ठेवा. हवा बाटलीला वळसा घालून ज्योत पलीकडे ढकलेल किंवा विझवेल. जर्मनीत श्टुटगार्ट येथे वुनिबाल्ड काम्म यांनी १९३० च्या दशकात मधला मार्ग पुढे आणला : शेपटी सावकाश निमुळती करत न्यायची आणि उरलेला भाग सरळ छाटायचा. छाटल्याने थोडा रोध वाढतो, पण लांबी आणि वजन वाचते.

जून १९६२ मध्ये ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत ही कुरूप गाडी सुरुवातीला जीटीओंच्या पुढे धावत होती. चौथ्या तासात चाकांना शक्ती पोहोचवणारा दांडा निकामी झाला आणि ती बाद झाली. एका जीटीओने शर्यतीत एकूण दुसरा क्रमांक मिळवला. शर्यतीच्या निकालातून हवेच्या गणिताचा निकाल लागतोच असे नाही.

आता नकलेकडे वळू. जीटीओची किंमत पुढे भरमसाट वाढली. २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात एक गाडी ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने तर जीटीओचा आकार ही कलाकृती असल्याचे मान्य केले. त्याच काळात फेरारीने '२५० जीटीई' ही चौघांच्या बसण्याची गाडी साडेनऊशेच्या आसपास बनवली होती. ती दीर्घकाळ स्वस्तात मिळे आणि तिच्यातही त्याच घराण्याचे ३ लिटरचे इंजिन होते. साहजिकच अनेक जीटीई कापल्या गेल्या आणि त्यांच्यावर जीटीओच्या बॉड्या चढल्या.

वोल्पीच्या गाडीतही एका मूळ बॉडीचा बळी गेलाच होता, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. आमच्या मते फरक आहे. १९६२ च्या बदलाने हवेला एक प्रश्न विचारला आणि ल मांच्या घड्याळावर त्याचे अर्धे का होईना उत्तर मिळाले. नंतरच्या बदलांना उत्तर आधीच ठाऊक होते, त्यांना फक्त ते रूप हवे होते. त्यात कारागिराचे कौशल्य आम्ही नाकारत नाही. पत्रा ठोकून तो फुगवटा साधणे सोपे नव्हे. पण बॉडी पुन्हा बनवता येते, सांगाड्याचे तसे नाही. जीटीईच्या पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर २६०० मिलिमीटर, जीटीओचे २४००. प्रमाण हुबेहूब यायचे तर नळ्या २०० मिलिमीटरनी तोडाव्या लागतात. त्यामुळे जुनी फेरारी तपासणारा जाणकार आधी रंग आणि पत्रा पाहत नाही. तो गाडीखाली शिरून सांगाड्यावर कोरलेला क्रमांक वाचतो आणि नळ्यांवर वेल्डिंगचे जोड कुठे आहेत ते शोधतो.