कोळशाचा वायू, हास्यवायू आणि मोटार

उज्जैन रेल्वे स्टेशनाजवळच्या देवास गेट या भागाने देवासकडे जाणाऱ्या वाटेचे नाव जपून ठेवले आहे. प्रवासी मोटारींचा अड्डा म्हणून हे ठिकाण माळव्यात सर्वांस परिचित आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरास नेली, तरी उज्जैन १९४८ पर्यंत त्याच संस्थानात राहिले. या घराण्याला यंत्रांची मोठी हौस. माधवराव महाराजांची जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी तर सर्वश्रुत आहे. दिल्लीच्या रस्त्यांवर १९४८ पर्यंत बसगाड्या चालविणाऱ्या कंपनीच्या नावातही 'ग्वाल्हेर' हा शब्द होता.

परंतु, श्रोतेहो, मोटारीच्या इतिहासातील ज्या प्रकरणाकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे, ते हौसेचे नसून टंचाईचे आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे नियंत्रण सुरू झाले. पुढल्याच वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तेथील तेलही बंद झाले. गाड्या होत्या, रस्ते होते, उतारूही होते. नव्हते ते फक्त इंधन. तेव्हा देशात ठिकठिकाणी बस आणि मालमोटारींच्या पाठीशी वा बगलेस पत्र्याच्या उंच भट्ट्या दिसू लागल्या. गाडी लाकडी कोळशावर चालू लागली!

ही युक्ती मूळची युरोपातली. भट्टीत कोळसा पेटवून तिला हवा बेताचीच द्यावयाची. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघतो आणि तोच इंजिनात पेट्रोलचे काम करतो. मात्र भट्टीतून निघणारा वायू अतिशय उष्ण आणि राखेने भरलेला असे. उष्ण वायू विरळ असतो. तसाच इंजिनात घेतला तर शक्ती आणखी घटते. म्हणून लांब नळ्यांतून फिरवून तो निववावयाचा, गाळण्यांतून शुद्ध करावयाचा, आणि मगच इंजिनात सोडावयाचा. एवढे करूनही इंजिनाची शक्ती पेट्रोलच्या मानाने एक तृतीयांशाहून अधिक कमी पडे. चढणीवर गाडीचा दम निघे. सुटण्यापूर्वी कितीतरी वेळ कुणीतरी पंख्याचा दांडा फिरवून भट्टी चेतवीत बसे, आणि गाळण्या साफ करता करता काजळीने माखून निघे. इतिहासात ज्यांची नोंद नाही अशा या क्लीनर मंडळींच्या श्रमांवर युद्धकाळातील कित्येक प्रवास पार पडले. शिवाय या वायूला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो साचला तर माणूस न कळत प्राणास मुकतो.

आता याच युद्धातील दुसरा वायू पाहा. जोसेफ प्रीस्टले यांनी १७७२ मध्ये शोधलेला नायट्रस ऑक्साइड, म्हणजेच हास्यवायू, दंतवैद्यांच्या खुर्चीपर्यंत १८४४ साली पोहोचला होता. जर्मनांनी तो विमानाच्या इंजिनात सोडला. वजनाच्या हिशेबाने हवेत प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो, तर या वायूत ३६ टक्के. उंच आकाशातील विरळ हवेत इंजिन गुदमरू लागले की हा वायू त्याला प्राणवायू पुरवी. युद्धानंतर शर्यतीच्या मोटारींनी तीच विद्या उचलली.

मोटारीत हा वायू दाबाखाली, द्रवरूपाने बाटलीत भरलेला असतो. येथे अडचण कोळशाच्या वायूच्या नेमकी उलट. कोळशाच्या वायूला निववावे लागे. या बाटलीला ऊब द्यावी लागते. २० अंश सेंटिग्रेडला बाटलीतील दाब वातावरणाच्या सुमारे पन्नास पट असतो, तो शून्य अंशाला तिसाच्या आसपास येतो. दाब उतरला की वायू कमी जातो आणि अपेक्षित जोर मिळत नाही. म्हणून हौशी मंडळी विकतचे महाग साधन टाळून घरीच बाटलीभोवती विजेची उबदार पट्टी गुंडाळतात आणि मोटारीच्या बॅटरीवर ती तापवितात.

युक्ती स्वस्त आहे, आणि काटकसरीत काही गैर नाही. पण माळव्याचे हवामान ध्यानात घ्या. जानेवारीच्या पहाटे उज्जैनात पारा १० अंशांखाली उतरतो. तेथे ही ऊब उपयोगी. मे महिन्यात तोच पारा ४० च्या पलीकडे जातो, आणि ३६.४ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. ७२ पटींच्याही पुढे दाब चढत जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील बाटलीला पट्टी कशाला हवी? तिला सावलीच हवी. दाब वाजवीपेक्षा अधिक झाला तर इंधनाचे प्रमाण बिघडून इंजिनाचे दट्टे जळतात. बाटली फुटली तर माणसेच दगावतात. म्हणून पट्टी घरची चालेल, परंतु दाबमापक, ठरल्या उष्णतेला वीज तोडणारी कळ आणि अतिदाबाने फुटून वायूला वाट देणारी चकती यांत पैसा वाचवू नये. उघड्या ज्योतीने बाटली शेकण्याचा विचारही मनात आणू नये.

युद्धकाळात कोळशाची भट्टी गरजेपोटी गाडीवर चढली, आणि पेट्रोल मिळू लागताच उतरली. आजच्या शर्यतीच्या गाडीत ही बाटली हौसेपोटी चढते. गरजेपुढे तेव्हा पुष्कळांचा इलाज नव्हता. भट्टीजवळ बसणाऱ्याने धोका पत्करला तो चार पैशांच्या मजुरीसाठी. हौशी माणसावर तशी सक्ती नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र पाठीमागच्या बाटलीत किती दाब आहे हे ठाऊक नसते, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी सर्वस्वी गाडीच्या मालकावर असते.