रथीबाबूंच्या मागोमाग

डिसेंबर १९०१. बोलपूर स्टेशनावर उतरून, लाल मातीचा माळ तुडवत तुम्ही शांतिनिकेतनात पोचता. रवींद्रनाथ ठाकुरांची शाळा नुकतीच सुरू झालीय. विद्यार्थी जेमतेम पाच. त्यातला तेरा वर्षांचा रथींद्रनाथ, म्हणजे पुढचे रथीबाबू, हा खुद्द गुरुजींचाच मुलगा. वर्ग झाडाखाली भरलाय. तुम्हीही मागे बसा, कुणी हाकलणार नाही. या शाळेपायी आई मृणालिनीदेवी आपले दागिने काढून देतात. पुढच्या नोव्हेंबरात त्या जाणार आहेत. हे तुम्हाला माहीत आहे, त्या पोराला नाही.

बाप एवढा कवी, म्हणजे मुलालाही साहित्यच शिकवणार, असं वाटतं ना? १९०६ साली वडील त्याला अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात धाडतात ते शेतकी शिकायला. कुळांच्या खंडावर जगणाऱ्या घराण्याने मुलाला मातीचं शास्त्र शिकवावं, हे मला तरी एखाद्या काव्यसंग्रहापेक्षा कमी धाडसाचं वाटत नाही.

आता १९१०, पद्मेकाठचं शिलाइदह. इथे जरा रेंगाळा. पदवी घेऊन परतलेल्या रथीबाबूंनी अमेरिकेहून मक्याचं आणि लसूणघासाचं बी मागवलंय, शेताचे लांबरुंद तुकडे पाडलेत, माती तपासायला छोटी प्रयोगशाळाही थाटलीय. पायाखालचं एक ढेकूळ उचलून चुरडून बघा. पद्मेचा गाळ आहे तो. याच वर्षी त्यांचं प्रतिमादेवींशी लग्न झालंय. नवरी विधवा, ठाकुरांच्या घरात असं लग्न पहिल्यांदाच होतंय. पण शेती रंगात येते न येते तोच शांतिनिकेतनहून वडिलांचं बोलावणं येतं. रथीबाबू निघतात.

१९१२च्या लंडनला ओझरती भेट पुरे. भुयारी रेल्वेत 'गीतांजली'च्या इंग्रजी हस्तलिखिताची बॅग ते विसरतात आणि ती हरवलेल्या सामानाच्या कचेरीत सापडते. हा किस्सा लोक इतक्या चवीने सांगतात, की बिचाऱ्याची सगळी कर्तबगारी त्या बॅगेतच कोंबली गेली!

खरं काम बघायचं तर १९२२च्या सुरुलला या. एल्महर्स्ट नावाच्या इंग्रज शेतीतज्ज्ञाला हाताशी घेऊन इथे ग्रामसुधारणेचं केंद्र, श्रीनिकेतन, उभं राहतंय. शांतिनिकेतनची शाळा आता विश्वभारती झालीय; तिचे कर्मसचिव म्हणून रथीबाबू हिशेब, बांधकाम, पैशांची ओढाताण वर्षानुवर्षं निस्तरतात. त्यातूनच अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चा बंगाली अनुवाद करतात, जीवशास्त्रावर बंगालीत लिहितात, चामड्यावर नक्षी काढतात.

१९५१ला विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ होते आणि ते पहिले उपाचार्य, म्हणजे कुलगुरू. दोनच वर्षांत ते पद सोडून देहरादूनला जातात.

तिथे ते लाकूडकामात गढलेले भेटतील. बॅगेचं नका विचारू, मक्याचं विचारा. मात्र १९६१च्या जूनच्या आत जा. मे महिन्यात देशभर वडिलांची जन्मशताब्दी साजरी होते आणि ३ जूनला रथीबाबूही जातात.