इन्व्हेंटरी

दुकानांत ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे शिल्लक माल. अमेरिकी निकालांत मात्र हा शब्द पोलिसांच्या तोंडी भेटतो. मूळ लॅटिन ‘इन्व्हेनिरे’, म्हणजे सापडणे. त्यावरून ‘इन्व्हेंटॅरियम’, सापडलेल्या वस्तूंची यादी. सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात वारसाने मयताच्या मालमत्तेची अशी यादी केली, की कर्ज त्या मालमत्तेपुरतंच फेडावं लागे. शोध लावणारं ‘इन्व्हेन्शन’ही याच घरचं.

अमेरिकेत ताब्यात घेतलेल्या गाडीतल्या वस्तूंची पोलीस यादी करतात. पुढे ‘माझं घड्याळ गेलं’ अशी तक्रार नको म्हणून. त्याला वॉरंट लागत नाही. १९७६च्या ऑपरमन खटल्यात चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात गांजा निघाला, सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. १९९०च्या वेल्स खटल्यात मात्र बंद सामान उघडण्याबाबत खात्याचं धोरणच नव्हतं. कुलूप तोडून उघडलेल्या सुटकेसमधला गांजा पुरावा म्हणून बाद ठरला. यादीच्या नावाखाली उचकापाचक नको, असं न्यायालयाने बजावलं. मुळातच ‘सापडणे’ असलेल्या शब्दाला तो मोह होणारच म्हणा!

आपल्या ठाण्यांत चालतो तो शब्द ‘अंगझडती’. अटकेच्या वेळी तीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. वेळ आलीच, तर ती मागून घ्या.