ग्रंथपालनाची पदवी आणि कपाटाची किल्ली

वर्धा जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे तीन साले हटकून सांगतात. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले आणि त्या शेगावचे पुढे सेवाग्राम झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम जन्माला आली. शाळेत असताना ही साले मीही पाठ केली. देवळाचे दार केव्हा उघडले ते आम्हांला परीक्षेत विचारले गेले. पुस्तकाच्या कपाटाचे दार केव्हा उघडले, हे मात्र कोणी विचारले नाही.

माझे वडील हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हमाली करीत. आमच्या गावात एक वाचनालय होते. त्यात काचेच्या दारांचे एक कपाट होते आणि त्याची किल्ली अध्यक्षांच्या घरी असे. मला कोणी हाकलले नाही, कोणी जात विचारली नाही. "साहेब बाहेरगावी गेलेत, किल्ली नाही," एवढेच उत्तर मिळे. मी काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचत बसे. पुस्तकांची नावे आधी पाठ झाली, पुस्तके फार उशिरा हातात आली.

पुढे इतिहासाचा शिक्षक झालो. त्याआधी नोकरीच्या आशेने ग्रंथालयशास्त्राचीही पदवी घेतली होती. आमची मुले आज ती का घेतात, हे म्हणूनच मी अनुभवाने जाणतो. पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, फी बेताची, आणि कुठेतरी ग्रंथपालाची जागा निघेल ही आशा. पण या शिक्षणाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की हा प्रश्न केवळ नोकरीचा नाही. पुस्तक कोणी विकत घ्यायचे, कोणत्या फळीवर ठेवायचे, कोणत्या नावाने नोंदवायचे आणि कोणाच्या हातात द्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार या शिक्षणाने मिळतो. तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात नई तालीमपासूनच करू. हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणावा, हा त्या परिषदेचा विचार होता. झाकिर हुसेन समितीने त्याची योजना तयार केली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी होती त्यांच्या मुलांच्या हाती चरखा देणे क्रांतिकारक असेलही. परंतु नागपूर-वर्ध्याकडच्या महारांचा सूत कातणे आणि जाडेभरडे कापड विणणे हा जुनाच धंदा होता. गिरणीच्या कापडाने तो बुडवला. आमच्या घरात हात कधीच रिकामा नव्हता. रिकामी होती ती पुस्तकाची फळी. ज्याला कष्टाची ओळख नाही त्याला कष्ट शिकवा, हे मान्य. पण ज्याला कष्टावाचून दुसरे काही दिलेच नाही, त्याला पहिल्यांदा काय द्यायचे? बाबासाहेबांचे उत्तर स्पष्ट होते. त्यांनी आम्हांला महाविद्यालये दिली, आणि राहायचे घर बांधताना पुस्तकांसाठी बांधले.

आता या शास्त्राच्या उगमाकडे जाऊ. ग्रंथपालनाचे जगातले पहिले विद्यालय ५ जानेवारी १८८७ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात सुरू झाले. ते मेल्विल ड्यूईने काढले. पहिल्या वर्गात वीस विद्यार्थी होते आणि त्यांपैकी सतरा स्त्रिया होत्या. कोलंबियाच्या विश्वस्तांना वर्गात स्त्रिया नको होत्या. त्यांनी खोली नाकारली, तेव्हा ड्यूईने एका अडगळीच्या खोलीत वर्ग भरवला. दोन वर्षांत हे विद्यालय कोलंबिया सोडून ऑल्बनीला गेले. म्हणजे या शिक्षणाचा पहिलाच तंटा आत कोणी यायचे याचा होता.

पण एकाला दार उघडणारा सर्वांना उघडतोच असे नाही. याच ड्यूईच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना आणि काळ्यांना प्रवेश नव्हता. त्यावरून ओरड झाली आणि १९०५ साली त्याला न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. स्त्रियांशी त्याची वागणूकही आक्षेपार्ह होती. अखेर २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या सन्मानपदकावरून त्याचे नाव काढून टाकले. आपल्या अभ्यासक्रमात ड्यूईची दशांश पद्धती शिकवतात; तिच्यामागचा माणूसही शिकवला पाहिजे.

हिंदुस्थानात हे शिक्षण प्रथम बडोद्यात आले. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि १९११ मध्ये तेथे प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. गावोगाव ग्रंथालय नेण्याचा तो मोठा प्रयत्न होता. १९१३ साली याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियात शिकायला गेले. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी दोन हजारांच्या आसपास पुस्तके जमवली. परतताना ती वेगळ्या जहाजाने पाठवली आणि १९१७ साली ते जहाज पाणबुडीने बुडवले. त्याच वर्षी ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. कचेरीत त्यांच्याकडे कागद फेकले जात. शहरात राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले आणि कामाठी बागेत बसून राहण्याची पाळी आली.

या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. ज्या संस्थानाने देशातला ग्रंथपालनाचा पहिला वर्ग काढला, त्याच संस्थानाच्या राजधानीत देशातल्या सर्वांत मोठ्या वाचकाला छप्पर मिळाले नाही. राजाची नियत चांगली होती. पण कारकून, शिपाई, घरमालक, शेजारी यांचे काय? ग्रंथालय कायद्याने आणि देणगीने उभे राहते. ते चालते मात्र देवघेवीच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या मनाने. म्हणून त्या खिडकीत कोण बसतो हा प्रश्न दुय्यम नाही.

यानंतर डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा काळ येतो. गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२९ साली मद्रासला त्यांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुस्तक जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहे आणि प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा त्या सूत्रांचा गाभा. ज्यांना शब्द ऐकण्याचीही बंदी होती, त्यांनी ही सूत्रे विद्यापीठाच्या गुणांपुरती वाचू नयेत. प्रत्येक वाचक म्हटले की त्यात चोखोबाच्या पायरीवरचा वाचकही आला.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. तेथे ग्रंथालयशास्त्राचा विभाग १९५६ मध्ये सुरू झाला. वर्ध्याची महाविद्यालये याच विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळे आमच्या जिल्ह्याला हे शिक्षण नागपुरातून मिळाले. १९५६ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. विद्यापीठातल्या त्या वर्गाला दीक्षाभूमीची गरज वाटली नाही, आणि दीक्षाभूमीवरून परतलेल्या माणसाला तो वर्ग ठाऊक नव्हता. आज त्या माणसाची नातवंडे त्या वर्गात बसतात. हे अंतर कापायला दोन पिढ्या लागल्या.

त्या वर्गात काय शिकवले जाते? माझाच अनुभव सांगतो. वर्गीकरणाच्या तासाला पुस्तकांची नावे देत आणि आम्ही वर्गांक शोधत असू. ड्यूईच्या पद्धतीत धर्माला २०० ते २९९ हे आकडे आहेत. त्यांतले २२० ते २८० हे बहुतेक ख्रिस्ती धर्माने व्यापले. उरलेल्या जगाला २९० च्या खोलीत दाटीवाटीने बसवले. बौद्ध धर्म २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५. रंगनाथनांनी हिंदी धर्मांना जागा करून दिली. त्यांच्या पद्धतीत बौद्ध धर्माला स्वतंत्र क्यू ४ आहे. म्हणजे आकडे आकाशातून पडत नाहीत. ज्याच्या हाती यादी, त्याच्या घराला मोठे अंगण.

पुढे एका ग्रंथालयात मी बाबासाहेबांचे जातिसंस्थेच्या विध्वंसनावरचे पुस्तक शोधत होतो. समाजशास्त्राच्या फळीवर, ३०५.५१२२ या जातिव्यवस्थेच्या आकड्याखाली ते असायला हवे होते. ते सापडले २९४.५ खाली, हिंदू धर्मग्रंथांच्या रांगेत, स्मृतींच्या शेजारी! नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठ पाहिले असेल, त्याच्या मनात द्वेष नसेलही. परंतु जातीवर अभ्यास करणारी मुलगी समाजशास्त्राच्या फळीवरून रिकाम्या हाताने परत गेली असेल, त्याचे काय? चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हरवलेल्या पुस्तकासारखेच. आणि आता सारे संगणकावर आले म्हणून हे संपले, असे समजू नये. नव्वदीच्या सुमारास या शास्त्राच्या नावाला 'माहितीशास्त्र' जोडले गेले, तालिकेच्या कार्डांऐवजी पडदा आला. पण संगणक शोधतो ते कोणीतरी आधी नोंदवलेले असते.

वर्गाबाहेरचे वास्तवही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर होता. आपल्याकडे करही नाही आणि गावोगावची ग्रंथालये सरकारने स्वतः चालवणेही नाही. नोंदणीकृत संस्थेने वाचनालय काढायचे आणि शासनाने अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान द्यायचे. या पद्धतीने राज्यात अकरा हजारांहून अधिक वाचनालये झाली, हे खरे. पण संस्था म्हणजे कार्यकारिणी, आणि कार्यकारिणी म्हणजे गावातली वजनदार घरे. किल्ली त्यांच्याकडे राहिली ती अशी. तेथे काम करणाऱ्याला वेतनश्रेणी नाही, अनुदानातून मिळेल ते मानधन घ्यायचे. महाविद्यालयांत जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. अशा वेळी "सर, बी. लिब. केल्यावर नोकरी लागते का?" असे विद्यार्थिनी विचारते, तेव्हा तिला खोटी आशा दाखवणे हा गुन्हा आहे. लागेलच असे नाही, हेच मी सांगतो. मग हेही सांगतो की आपल्या समाजात हे काम जाणणारी माणसे नसतील तर आपला इतिहासच जागेवर सापडणार नाही.

उदाहरण दूरचे नको. नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' ही पत्रे काढली. पहिले १९१० चे. 'मूकनायक' त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० साली निघाले. बनसोडे यांच्या पत्रांचा सलग संच किती ग्रंथालयांच्या तालिकेत आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी एकदा विचारून पाहावे. बाबासाहेबांची हस्तलिखिते त्यांच्या मागे वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. सरकारी नोकरीतले नागपूरकर वसंत मून त्यांच्या मागे लागले, आणि १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. एका माणसाने कागद लावले, म्हणून एका समाजाला आपला ग्रंथसंग्रह मिळाला. बाबासाहेबांच्या हयातीत सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे त्यांना हवे ते पुस्तक मिळवून देत. मोठ्या लेखकामागे एक ग्रंथपाल उभा असतो, हे आपण विसरतो.

आज वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९९७ साली ते स्थापन झाले. त्याच्या केंद्रीय ग्रंथालयाला राहुल सांकृत्यायन यांचे नाव आहे. तिबेटातून बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या पाठीवर आणि खेचरांवर लादून आणणारा हा माणूस. त्यांचे सहकारी भदंत आनंद कौसल्यायन राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामासाठी वर्ध्यात राहिले. बाबासाहेबांचा बुद्ध आणि धम्मावरचा ग्रंथ त्यांनीच हिंदीत आणला. ज्या जिल्ह्याला चरख्याने ओळखतात, त्याला पोथी वाचवणाऱ्यांचाही वारसा आहे. तो आपण सांगितला नाही, तर कोण सांगणार?

कार्यकर्त्यांना माझी विनंती साधी आहे. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, जिथे विहार आहे तिथे पुस्तकांचे एखादे कपाट असतेच. भीमजयंतीच्या स्मरणिका, पत्रके, मृत कार्यकर्त्यांच्या वह्या त्यात धूळ खात पडलेल्या असतात. वस्तीत ग्रंथालयशास्त्र शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना तेथे बसवा. एक दाखल नोंदवही करा. पुस्तकावर आकडा घाला, पत्रकावर तारीख लिहा, कोणी दिले ते लिहा. या कामाचे मानधन वस्तीने वर्गणीतून द्यावे. फुकट सेवा आपल्या लोकांनी पुष्कळ केली आहे. आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी ठेवू नका. अध्यक्ष आपला असला तरी.